किंचाळायचा थांबलेला ब्रेक

दार कुरकुरलं तर बिजागरीला तेल घालतात, हे मला माहीत होतं. ब्रेकला घालत नाहीत, हे माहीत नव्हतं. कपाट आणायला मेहुण्याचा छोटा ट्रक नेला, तर ब्रेक दाबला की तो असा किंचाळे की गल्लीतली माणसं खिडकीत येत. शेवटी बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची अख्खी बुधली मी मागच्या दोन्ही चाकांच्या भोकांतून आत रिकामी केली. आवाज बंद! स्वतःचीच पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी ट्रक सासऱ्यांच्या गॅरेजात गेला. आता माझी कारागिरी उघडी पडणार होती.

सासरे अडतीस वर्षं गाड्यांखाली झोपलेले. सासूबाई म्हणतात, "घरात हा माणूस एवढा आडवा कधी पाहिला नाही." गिऱ्हाइकाला "झाली गाडी" असं ते कधी सांगत नाहीत, "बघू" म्हणतात. ब्रेकचं काम असेल तर गॅरेजपुढच्या उतारावर गाडी आधी स्वतः नेतात. उताराच्या तळाशी भाजीबाजार.

"पुढचे शॉकअप बदला, ब्रेकचा आवाजही शोधा. उद्या फरशा भरून घाट उतरायचाय," असं सांगून मेहुणा गेला होता. मी मदतीला म्हणून थांबलो. खरं तर पाय निघत नव्हता.

शॉकअपवरची स्प्रिंग शिकंज्यात आवळताना सासऱ्यांनी मला खांबामागे उभं केलं.

"सुटली तर भिंतीत जाऊन बसेल. मध्ये आपण नको."

दोन्ही शॉकअप बसले. पुढचे ब्रेक उघडून पाहिले, ठणठणीत. मला ब्रेक दाबायला लावला, सोडायला लावला, अंगणात चार फेऱ्या मारल्या. आवाज नाहीच.

"कण्हणारा रोगी एकदम गप्प झाला तर बरा झाला म्हणायचं का?" ते हात पुसत म्हणाले. "जावईबापू, मला याची भीती वाटते."

सासऱ्यांच्या तोंडून 'भीती' हा शब्द मी प्रथमच ऐकत होतो.

"बसा शेजारी. उतारावर बोलेल तो. दोनापेक्षा चार कान बरे."

बसलो. सांगावं तर उरलीसुरली अब्रू जाणार. ज्या जावयाला खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यानं ब्रेक दुरुस्त केला! ट्रक उताराच्या तोंडाशी आला. खाली भाजीवाल्यांची ताडपत्री दिसली, माणसं दिसली.

"बाबा, थांबा! मागच्या ब्रेकात मी तेल घातलंय."

त्यांनी ट्रक थांबवला, हँडब्रेक ओढला, पाय उचलला. ट्रक घरंगळायला लागला. हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी पुन्हा पाय दाबला, पुढच्या ब्रेकांनी धरलं, मग गिअर टाकला, इंजिन बंद केलं. ट्रक थांबला. माझा श्वास मात्र बराच वेळ सुरू झाला नाही.

पुढच्या चाकांपुढे दगड लावून त्यांनी तिथंच मागचं चाक उघडलं. आतून तेल ठिबकलं. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला दाबून गाडी थांबवणारे पट्टे, इतके झिजले होते की त्यांची धातूची रिबिटं ड्रमला घासत होती.

"हाच ओरडत होता बिचारा. सांगत होता," ते म्हणाले आणि खाली रस्त्यावरच बसले. "माझा पोरगा उद्या फरशांसकट..."

वाक्य अर्धं सोडून त्यांनी दुसरं चाक उघडायला घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळं धुऊन नवे लायनर बसवले. मी चिंध्या देत होतो. शेवटी राहवलं नाही.

"बाबा, पायाचाही ब्रेक लागला नसता तर काय केलं असतंत?"

"आधी तुम्हाला दाराबाहेर ढकललं असतं, कुंकू माझ्या मुलीचं आहे."