महिषासुरानं पडायचं असतं

आमच्या कला मंडळाचा इतिहास सांगायला अध्यक्षांनी माइक हातात घेतला की मी तंबाखू मळायला घेतो. तो इतिहास मला पाठ आहे आणि तो खोटा आहे. त्यात अध्यक्षांचे वडील संस्थापक असतात, अध्यक्ष स्वतः आधारस्तंभ असतात आणि बाकीचं गाव टाळ्या वाजवायला जन्माला आलेलं असतं. माझ्या बापाचं नावही त्यात येत नाही. म्हणून हा दुसरा इतिहास मी लिहायला घेतलाय. रागानं लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. राग गेला असता तर लिहिलंच नसतं.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे एक रस्ता डोंगराकडे वळतो, त्याच्या टोकाला आमचं गाव. होळी झाली की गावात बोहाडा होतो. देवीच्या नावानं रात्री सोंगं नाचवायची, गणपती, सरस्वती, मारुती, वेताळ, एकामागून एक, संबळ आणि पिपाणीच्या तालावर. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो आणि त्या घरच्याच माणसानं तो मुखवटा घालायचा असतो. देवीचा मान अध्यक्षांच्या घराकडे, महिषासुराचा आमच्याकडे. शेवटच्या दिवशी ऊन वर आलं की या दोघांचं युद्ध होतं. असुर पडला की बोहाडा संपला.

मंडळ त्यानंतरचं. माझा बाप, गावातला शिंपी आणि शाळेतले एक मास्तर अशा तिघांच्या डोक्यातून ते निघालं. बोहाडा झाल्यावर लोकांचे पाय घराकडे वळायचे नाहीत, तर एक नाटकही करू, एवढाच विचार. चार बैलगाड्या जोडून स्टेज झालं. पडदे कल्याणहून एसटीच्या टपावर आले आणि वाटेत त्यातला राजवाड्याचा पडदा भिजला, म्हणून पहिल्या वर्षी राजा जंगलातच राज्य करत होता. अध्यक्षांच्या वडिलांनी त्या वर्षी घरातली पेट्रोमॅक्स दिली. तीही अर्ध्या नाटकात त्यांनी परत नेली, कारण घरी पाहुणे आले होते. आज मंडळाच्या दारावरच्या फलकावर संस्थापक म्हणून त्यांचंच नाव आहे. अर्ध्या रात्रीच्या उजेडावर माणूस संस्थापक होतो, हे मी आमच्याच गावात पाहिलं.

पुढं शिंपी वारला, मास्तरांची बदली झाली आणि त्या पेट्रोमॅक्सवाल्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. वीटभट्ट्या त्याच्या, जेसीबी त्याचा, तेव्हा अध्यक्ष दुसरा कोण होणार? त्यानं मंडळाची नोंदणी केली, आमदार फंडातून पत्र्याची शेड उभी केली, आणि मग एक दिवस घरोघरी टेम्पो फिरवून सगळे मुखवटे गोळा केले. घरात उंदीर खातात, शेडमध्ये सुरक्षित राहतील, असं कारण सांगितलं. तोवर मुखवटे ज्याच्या त्याच्या माळ्यावर फडक्यात बांधलेले असायचे. आमचा महिषासुर चुलीच्या धुरानं काळाभोर झाला होता. बापानं तो टेम्पोत ठेवू दिला, पण टेम्पो निघाल्यावर बराच वेळ अंगणातच उभा राहिला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. महिषासुराचा मुखवटा आमच्या घरात हातात देत नाहीत. बाप शेवटचं नाचतो, पडतो, आणि पडल्या जागी मुखवटा काढून मुलाच्या डोक्यावर ठेवतो. बापाच्या घामानं तो ओला असतानाच मुलानं घालायचा, तरच मान लागू होतो. माझ्या आज्यानं माझ्या बापाला असाच दिला. बाप मेल्यावर मिळालेल्या मुखवट्याला गावात कोरडा मान म्हणतात. तो चालतो, नाही असं नाही. पण म्हातारी माणसं त्याच्यापुढं नारळ ठेवताना जरा थांबतात.

बापाचे गुडघे गेले तेव्हा त्यानं ठरवलं, या वर्षी शेवटचं. अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते हो म्हणाले. पण त्याच वर्षी घाटाखालच्या एका रिसॉर्टवाल्याशी त्यांचं सूत जुळलं होतं. पावसाळ्यात धबधबे बघायला येणारे लोक उन्हाळ्यातही यावेत म्हणून त्याला काहीतरी दाखवायला हवं होतं, आणि अध्यक्षांनी त्याला आमचा बोहाडा दाखवायचं कबूल केलं. देवळासमोर खुर्च्या मांडल्या, वर शामियाना घातला, पाहुण्यांना फेटे बांधले.

त्या सकाळी बाप अंघोळ करून, कपाळाला गुलाल लावून, पायात चाळ बांधून देवळाच्या ओट्यावर बसला होता. मी त्याच्या बाजूला. संबळ सुरू झाला, देवी आली, आणि समोरून आमचाच मुखवटा घालून दुसराच कुणी नाचत आला. कल्याणच्या कुठल्या डान्स ग्रुपमधला पोरगा होता. कोलांट्या मारल्या, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर जाऊन डरकाळ्या फोडल्या, देवीचा पहिलाच वार झाल्यावर धाडकन पडला आणि लगेच उठून कमरेत वाकून टाळ्या घेतल्या. मेलेला महिषासुर उठून नमस्कार करतो, हे आमच्या देवीनंही पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मी उठलो तर बापानं माझा हात धरला. धरून बसला. गर्दी पांगल्यावर त्यानं स्वतःच चाळ सोडले. मी संध्याकाळी अध्यक्षांना गाठलं, तर ते म्हणाले की टाइम वीस मिनिटांचा होता, म्हाताऱ्याला झेपलं नसतं, पुढच्या वर्षी नक्की. पुढचं वर्ष बापाला मिळालं नाही. भाताची लावणी चालू असतानाच तो गेला. दिवसकार्य झाल्यावर अध्यक्ष आले, चटईवर टेकले, आणि तो मोठा कलाकार होता असं म्हणाले. मी त्यांना चहा दिला. तो त्यांनी संपवला. त्या दिवसापासून मी वाट बघत होतो.

लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. माझ्यावर त्याचा काही गुण आला नाही. शेतात असलो, किन्हवलीला बहिणीकडे गेलो, कुठंही असलो तरी मनात तेच यायचं. मला त्यांचं घर जळायला नको होतं, भट्टी बुडायला नको होती. त्यांनी चारचौघांत तोंडानं म्हणावं, मी त्याच्या बापाला नाचू दिलं नाही, माझं चुकलं. एवढंच पाहिजे होतं, पण ते पुरतं पाहिजे होतं.

संधी त्यांनीच आणून दिली. काही वर्षांनी रिसॉर्टवाल्याला कल्याणच्या पोरांचा कंटाळा आला. त्याच्या पाहुण्यांना म्हणे ओरिजिनल पाहिजे होतं. मग अध्यक्षांना ओरिजिनल घर आठवलं. स्वतः गाडी घेऊन दारात आले. मानाचा माणूस घरात असताना बाहेरचे कशाला, म्हणाले. मी लगेच होकार दिला. ते गेल्यावर बायको माझ्याकडे बघत राहिली.

"एवढ्या गोडीत व्हय म्हनालात," ती म्हणाली. "मनात काय हाय?"

मनात काय आहे ते मी तिलाही सांगितलं नाही.

बाप मला अंगणात शिकवायचा तेव्हा एक वाक्य नेहमी म्हणायचा. देवी कुणाला पाडत नाय, महिषासुरानं पडायचं असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की देवीच्या तलवारीनं असुर पडला. लाकडाच्या तलवारीनं कोण पडतं? दोघांनी पाच फेऱ्या घ्यायच्या, प्रत्येक फेरीला वार झेलायचा, आणि पाचवी पुरी झाली की असुरानं आपणहून पडायचं. आधी गुडघे, मग डावा खांदा, आणि मुखवटा मातीला लागू द्यायचा नाही. तोवर संबळ थांबत नाही आणि देवीला बसता येत नाही. पाचच फेऱ्या का, हे कुणी विचारत नाही आणि कुठं लिहिलेलंही नाही. असुर आपणहून पडतो या भरवशावर आमच्या गावाचा बोहाडा आजवर चालत आला.

अध्यक्ष देवीचं सोंग स्वतःच नाचवायचे. फोटो चांगले येतात म्हणून. वजन वाढलेलं, साखर, बीपी, तरी नऊवारी नेसून, लाकडी हातांचा तो जड मुखवटा बांधून उभे राहायचे. त्या वर्षी त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. युद्ध झाल्यावर देवीनं पाहुण्यांना आशीर्वाद द्यायचा म्हणून चोळीच्या काठाला छोटा माइक लावून घेतला. मी चाळ बांधताना ते बघितलं. देवी प्रसन्न असली की भक्ताला मागावंही लागत नाही म्हणतात, तसं झालं.

मुखवटा शेडमधून मला कोरडाच मिळाला. आत धुराचा वास कसला, ऑइलपेंटचा वास येत होता. अध्यक्षांनी तो रंगवून घेतला होता.

पहिल्या पाच फेऱ्या मी बापासारख्या घेतल्या. म्हातारी माणसं मान डोलवायला लागली. पाचवीचा वार झाला, मी झेलला, आणि सहावी सुरू केली. संबळवाल्यानं माझ्याकडे बघितलं, पण हात थांबवला नाही. त्याला थांबवताच येत नाही. सातवीला गावातली माणसं खुर्च्यांच्या पुढं सरकली. पाहुणे खुशीत मोबाइलवर शूटिंग करत होते, त्यांना काय कळणार? आठवीला देवीची तलवार खांद्याच्या वर जाईना. अध्यक्ष मला घासून पुढं गेले आणि त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. तो चारही कर्ण्यांतून गावभर ऐकू आला.

"पड ना रे. बीपी हाय मला."

पोरं हसली. अध्यक्षांना माइकचं भान आलं, पण दोन्ही हात गुंतलेले. एकात तलवार, दुसऱ्यात परडी. मी जवळ गेलो. एरवी मी त्यांना अहो-जाहो करतो, पण मुखवटा चढवला की असुराला देवीला अरे-तुरे करायची मुभा असते. ती मी घेतली.

"त्या वर्षी माझा बाप चाळ बांधून बसला व्हता," मी त्यांच्या चोळीच्या काठाजवळ तोंड नेऊन म्हणालो. "त्याला का नाय उठवलंस? सांग. मग पडतो."

"नंतर बोलू," कर्णा म्हणाला.

मी नववी घेतली.

त्या फेरीत देवी बसली. भर रिंगणात, सगळ्यांसमोर, अध्यक्षांनी गुडघे टेकले आणि मग मांडीच घातली. बायकांनी तोंडावर पदर घेतला. देवी खाली आणि महिषासुर उभा, असं आमच्या गावात कुणी कधी बघितलं नव्हतं. संबळ चालूच. शेडमधला माइकवाला पोरगा बटण बंद करायला धावला तर गावच्या पोलीस पाटलांनी त्याला हातानं अडवलं. तेही ओट्यावर बापाच्या शेजारीच बसले होते त्या वर्षी.

अध्यक्षांच्या मुखवट्यातून नुसता श्वास ऐकू येत होता, कर्ण्यांतून, मोठा होऊन. मला त्यांची दया आली का? नाही आली. मी नीट आठवून बघितलं आहे.

"म्हातारा शोभला नसता पाव्हन्यांसमोर," शेवटी ते म्हणाले. "म्हनून नाय उठवला. चुकलं माझं."

मग मी पडलो. आधी गुडघे, मग डावा खांदा, आणि मुखवटा मातीपासून चार बोटं वर धरून. संबळ थांबला. खुर्च्यांमधून टाळ्या पडल्या, गावातून एकही नाही. पडल्या पडल्या मला बापाचे दोन पाय दिसावेत असं वाटलं, पण समोर अध्यक्षांच्या नऊवारीचा काठ होता.

नंतर लोकांत दोन गट पडले. काहींनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं, कारण मी देवीला बसवली. आईही चिडली. पाप लागंल तुला, एवढंच म्हणून ती चुलीकडे वळली. भाकरी वाढताना मात्र थांबली.

"अजून दोन फेऱ्या घ्यायला पायजे व्हत्यास," ती म्हणाली.

अध्यक्ष अध्यक्षच आहेत. फलकही तोच आहे. वाईट वाटलं म्हणून त्यांनी काही बदललं नाही, आणि मीही त्यांना माफ केलेलं नाही. बाप ऐकायला नव्हता, त्यामुळे ते शब्द मला मिळाले पण पोचायचे तिथं पोचले नाहीत. ती तूट कोण भरून देणार? म्हणून मी मान सोडलेला नाही. मुखवटा आता आमच्या माळ्यावर असतो. तो परत मागायला टेम्पो आला नाही.

दर वर्षी होळीआधी मंडळाची बैठक होते. सोंगं वाटून झाली, मांडव ठरला, जेवणाचं ठरलं की अध्यक्ष माझ्याकडे वळतात. ते हसऱ्या चेहऱ्यानं विचारतात, पण हात मांडीवर घट्ट असतात.

"पाच फेऱ्यांनी पडशील ना रे?"

"बघू," मी म्हणतो.