पाचवा भाग निघालाच नाही

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या बाजारात करुणाताईंचं फॉल-पिकोचं दुकान आहे. साडी पिकोला टाकायची आणि परत नेताना तिच्या घडीत एक कादंबरी मिळायची, ही तिथली रीत. कोणती मिळणार हे ताई ठरवतात. आधी घरचं विचारतात. सासू राहायला आली असेल तर खुनाची. मुलीचं लग्न जमत नसेल तर प्रेमाची मुळीच नाही. "आता नोको वाचू. पोरीचं जमू दे, मंग देते." मोहगावच्या एका बाईला त्यांनी ओळीनं इतके खून वाचायला दिले, की तिचा नवरा घाबरून दुकानात चौकशीला आला.

मी डिंपल, तहसील कचेरीत टायपिंग करते. तोंडानं फटकळ आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. माझी शाळा हिंदीतली. मराठी घरात बोलायची, वाचायची नाही. मला मराठी वाचायची सवय करुणाताईंनी लावली, ती इन्स्पेक्टर मालविकाच्या मालिकेनं. दर भागात एक खून, आणि सोबत डॉक्टर शेखरशी रखडलेलं प्रेम. एक भाग वाचून झाला की तो ताईंना तोंडी सांगायचा, मगच पुढचा. चुकलं की परत वाचायला लावतात. तहसीलदारांनाही मी एवढी घाबरत नाही. शेवट मात्र त्या कोणालाच सांगत नाहीत. कितीही गयावया करा, उत्तर एकच, "शेवट सांगत नसते मी. वाच."

चौथ्या भागाच्या शेवटी शेखर लग्नाचं विचारतो आणि मालविका तोंड उघडणार तोच फोन वाजतो. मी तडक दुकान गाठलं.

"पाचवा द्या, ताई."

"निंगालाच नाई तो."

संत्र्याचा बहार उतरला, गाड्या भरून गेल्या, तरी पाचवा निघेना. "लिहिनाऱ्यानंच सोडलं असन," ताई म्हणाल्या. मी विश्वास ठेवला.

मग मावसभावाच्या साखरपुड्याला नागपूरला गेले, तर बसस्टँडवरच्या स्टॉलमध्ये पाचवा भाग! कव्हर उन्हानं विटलेलं. म्हणजे कधीचाच निघाला होता. परतीच्या बसमध्ये लोधीखेडा येईपर्यंत अर्धा वाचला, उरलेला दुसऱ्या दिवशी कचेरीत, फायलीखाली धरून. मग तणतणत दुकानात गेले. जिच्या शब्दावर मी वाचत आले, तिनंच मला वेड्यात काढावं, याचा संताप होता.

"खोटं कायले बोलल्या, ताई?" मी पुस्तक मशीनवर आपटलं.

ताईंनी मशीन थांबवली. पुस्तकाला हात लावला नाही. उठून फळीवरचा रिळांचा डबा सरकवला आणि मागून तोच पाचवा भाग काढला. स्टॉलच्या पिशवीत, कोरा, कधीही न उघडलेला.

"त्यायनं आनला होता."

म्हणजे उत्तमरावांनी, त्यांच्या यजमानांनी. ते पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. नागपूरला गेले की ताईंसाठी नवा भाग शोधून आणायचे. स्वतः एक ओळ वाचत नसत. हा भाग आणला त्याच आठवड्यात छातीत दुखायचं निमित्त होऊन गेले. ते गेल्याचं गावाला माहीत होतं, पुस्तकाचं कोणाला माहीत नव्हतं.

"हा वाचला का त्यायनं आनलेलं वाचाचं काईच उरत नाई," ताई म्हणाल्या. "अन् तुले देला असता, तर तू येऊन अख्खा सांगतला असता. मंग न वाचताच संपला असता."

माझा राग पार विरघळला. साऱ्या सौसरला पुढचं पुस्तक देणारी ही बाई स्वतः मात्र चौथ्या भागापाशी थांबून होती. मला फार वाईट वाटलं. मी माझं पुस्तक उचलून निघाले, तर मागून हळूच आवाज आला, "डिंपल, हो म्हनते का वं थे शेखरले?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"शेवट सांगत नसते मी," मी म्हटलं. "वाचा. तुमच्या घरचं पाहूनच सांगून राहिली, तुमाले आता हाच पायजे."

ताईंनी मशीन सुरू केली ती वर पाहिलंच नाही. पुढच्या खेपेला माझी साडी आली, तिच्या घडीत काही नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेलाही नव्हतं. आगाऊपणा केला, असं मनाला लागून राहिलं.

नंतर एकदा आईचा ब्लाउज आणायला गेले. ताईंनी तो पिशवीत घालून दिला, सुटे पैसे परत केले. मी पायरी उतरले तेव्हा म्हणाल्या, "नागपूरले कधी जाऊन राहिली?"

"जाईन एखाद्या रविवारी. काऊन?"

ताई सुईत दोरा ओवत होत्या.

"सहावा निंगाला असन तर आनजो."