आतल्या कपाटातली शेळीवाली

आमच्या धाकट्या आत्याच्या यजमानांइतका गोंधळलेला दुकानदार पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि गोंधळात इतका ठाम माणूस तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. दौंड स्टेशनाबाहेर त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. पेन्सिल विकायची तर आधी टोक काढून दोन ओळी लिहून बघायचे. गिऱ्हाइकाच्या हाती ती बोटभर कमी होऊनच जायची. दौंडला गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात, तेव्हा गाडी परत पुण्याला निघाली म्हणून नवखे प्रवासी घाबरतात. आप्पा दुकान उघडं टाकून फलाटावर जायचे आणि खिडकीखिडकीशी समजूत घालायचे, "गाडी उलटी न्हाई, तुमीच उलटं बसलाय." एवढं सांगून झाल्यावर ही गाडी नेमकी कुठली, ते हमालाला विचारायचे.

पण खरा घोळ मालाचा. उत्तम वस्तू दर्शनी ठेवायची नाही, ती लायक माणसासाठी आतल्या कपाटात, हा त्यांचा धर्म. एकदा एका तलाठ्याला भारी पेन दाखवलं, त्याची सही बघितली आणि पेन परत कपाटात ठेवलं. "अक्षर सुधारा, मग या."

पंचाहत्तर सालाच्या आसपास रेल्वेवाले कॉलनीच्या मैदानात पडदा लावून परदेशी कार्टूनचे सिनेमे दाखवायचे. एका वही कंपनीनं त्यांतल्या पाच नायिका वह्यांवर छापायची रीतसर परवानगी मिळवली. चौघी राजकन्या, मुकुटवाल्या. पाचवी शेळ्या राखणारी, उन्हानं रापलेली, हातात काठी. तिनं लांडग्याला हुसकलं तेव्हा आप्पा भर मैदानात उठून उभे राहिले होते. मागच्यांनी सदरा ओढून बसवलं. झालं, तिच्या सगळ्या वह्या कपाटात गेल्या. "जी पोरगी आपणहून हिला मागंल, तिलाच द्यायची." पण वह्या आत आहेत हे पोरींना कळणार कसं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी शिरूरच्या शाळेत मास्तर होतो.

उन्हाळ्यात कंपनीचा माणूस खपाचा छापील तक्ता घेऊन आला. मी रविवारचा तिथंच होतो. "आप्पा, शेळीवाली बंद. पुढच्या वर्षी चौघीच."

"का? तिनं काय केलं?"

"काही केलं नाही. खपली नाही. तुमच्याकडं तर एकही नाही."

"आवो, मी ती भायेर काढलीच न्हाई."

"आणि मुकुटवालीचं कसं, वहीबरोबर कंगवा निघतो, फीत निघते, बाहुली निघते. हिच्या काठीचं काय विकायचं?"

सिनेमात जिंकलेली बाई वहीवर कशी हरते, हे आप्पांना उमजेना. तो गेल्यावर त्यांनी सगळ्या शेळीवाल्या काढून अगदी पुढं मांडल्या आणि कंपनीला तीन पत्रं धाडली. उत्तर एकाचंही आलं नाही. साऱ्या मुलखातून ती आपल्याच कपाटामुळं गेली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दुकानांतही ती खपली नव्हती, हे मी परोपरीनं सांगितलं. ऐकतील तर ते आप्पा कसले.

जूनमध्ये भीमनगरातली सुमन वह्या घ्यायला आली. वडील यार्डात कामाला, पोरगी सातवीत गेलेली. समोरची वही तिनं उचलली आणि उचललेलीच धरून ठेवली.

"ही कवा आली, आप्पा?"

"गेल्या सालीच. तुझ्यासारखीसाठीच आत ठिवली होती, बाळ."

"मंग सांगितलं का न्हाई? मी वर्षभर मुकुटवालीच वापरली." तिनं चित्रावरून बोट फिरवलं. "मला वाटलं, आमच्यासारखीला वहीवर छापतच न्हाईत."

आप्पांनी मान खाली घालून वह्यांचा गठ्ठा बांधला. दोरीची गाठ दोनदा सुटली. मी शेजारीच उभा होतो, एवढा शिकलेला, आणि शेळीवाली छापणं आता बंद झालंय, हे त्या पोरीला मीही सांगितलं नाही.