चुकीचा भोंगा

पांढरकवड्याला आमच्या घरामागच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, जागी आता मंगल कार्यालय आहे. त्या जिनिंगच्या भोंग्यावर एके काळी सगळं गाव उठायचं, जेवायचं, हे माझ्या भाच्यांना पटतच नाही. म्हणून मी वही घेतली आणि काकांना गाठलं. काका कचेरीतले जुने कारकून, नव्वदीला टेकलेले. आता लिहून नाही घेतलं तर सगळं त्यांच्याबरोबरच जाणार, ही धाकधूक होती. पण काही विचारलं की एकच उत्तर. "त्यात काय सांगाचं वं? होता भोंगा." अर्जाशिवाय तोंड उघडायचं नाही, ही कचेरीची सवय.

एकदा चहा घेताना मी काकूला सहज म्हटलं, "भोंगेवाला पुसदचा होता ना?"

काका ताडकन उठून बसले. "पुसदचा कायले? कळंबचा होता तो! तुले कोनं सांगतलं?" आणि अर्धा तास थांबले नाहीत.

तेव्हापासून मी विचारणं सोडलं आणि बिनदिक्कत थापा मारू लागले. भोंगा एकदा उशिरा वाजला म्हटलं, तर कळलं की तो चक्क तासभर आधी वाजला होता. शाळा भरली, कचेरी उघडली, साहेब अर्धी दाढी करून हजर. तासाभरानं भोंगा पुन्हा वाजला, पण आपण फसलो हे कबूल कोण करणार? सगळं गाव मुकाट्यानं काम करत राहिलं. हे सांगताना काकांना हसून हसून ठसका लागायचा. वही भरत गेली. फक्त तो लवकर का वाजला, हे काही ते सांगेनात. त्यावर कितीही थापा मारा, नुसते मिशीत हसायचे.

गेल्या महिन्यात मी पुन्हा खडा टाकला. "भोंगेवाला त्या दिवशी पिऊन होता म्हणे."

"असंन," काका म्हणाले.

मी घाबरले. "काका, आपल्या गावात भोंगा नव्हताच ना?"

"नसंन बापा."

मला रडूच आलं. मग वही उघडून त्यांचीच गोष्ट त्यांना वाचून दाखवली, यावेळी अगदी बरोबर. साहेबांच्या दाढीला काका खळखळून हसले. मग पुढे सरकले आणि मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "पन भोंगा लवकर काहून वाजला वं?"

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मले नाही माहीत, काका."