निलव्वाच्या वाक्यांची झाडं

निलव्वा चुलीपुढं बसली की एकटीच बोलायची. भाकरी थापताना, म्हशीला पेंड घालताना, उतू जाणाऱ्या दुधाशीसुद्धा. अर्धं कानडी, अर्धं मराठी, पण वाक्य कधी अर्धं सोडायची नाही. दारात माणूस दिसला की तोंड बंद. मग कुणी तिला काही विचारलं तर ती माझ्याकडं बघायची आणि उत्तर मी द्यायचो. आमचा सगळा संसार असाच झाला. ती माझी बायको. तिला जाऊन आता चार महिने झाले. मी पाचवी नापास माणूस, उमरग्याजवळच्या मुरूम गावात रस्त्याच्या कडेला पंक्चर काढण्यात जन्म गेला. लिहिणं माझं काम नाही. पण तिच्याबद्दल लिहायला दुसरं आहे कोण?

ती कर्नाटकातल्या आळंदकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत एवढंच यायचं, व्हय आणि न्हाय. पुढं शिकली, पण तिच्या पद्धतीनं. नवी असताना एकदा बाजारात ती भाजीवालीला काहीतरी म्हणाली आणि चार बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी बायांवर चिडायला पाहिजे होतं. मी हिच्यावर चिडलो. "येत न्हाय तर बोलतीस कशाला? म्या हाय की." त्या दिवसापासून दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या सोयरिकीत, सगळीकडं तिच्या वतीनं मी बोललो. लोक म्हणायचे, बायकोची किती काळजी घेतो बघा. काळजी कसली? लाज वाटायची मला तिची. आता खोटं लिहून कुणाला दाखवायचंय?

तीन वर्षांमागं प्रज्ञा आली. लोहाऱ्याकडची पोरगी, विद्यापीठात भाषेचा अभ्यास करत होती. सीमेवरची माणसं वाक्य कसं बांधतात हा तिचा विषय. मला वाटलं, हिला घरी काही काम नाही. तिनं अंगणात सतरंजीवर बसून मोबाईल चालू केला आणि विचारलं, "अव्वा, काल दिवसभर तुम्ही काय काय केलं?"

"काल हिनं शेंगा फोडल्या," मी म्हणालो.

"काका, मला अव्वांच्या तोंडून पाहिजे."

"एकच हाय की. हिला काय म्हणायचंय ते मला ठावं असतंय."

"मग तुम्ही जरा दुकानात बसता का?"

माझ्याच अंगणातून मला उठवलं. निलव्वा पदराआड हसली. मी दुकानात गेलो, पण दुकान आणि अंगण यांच्यामध्ये फक्त एक पत्रा होता. सगळं ऐकू यायचं.

दर मंगळवारी प्रज्ञा यायची. निलव्वाचं एक वाक्य वहीत लिहायची आणि त्याचं झाड काढायची. झाड उलटं, मूळ वर आणि फांद्या खाली. वर पूर्ण वाक्य. त्याला दोन फाटे, एकात करणारा, दुसऱ्यात त्यानं जे केलं ते. त्या फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी एकेक शब्द लोंबतोय. निलव्वा कानडी शाळेत चार इयत्ता शिकलेली, मराठी अक्षर तिला वाचता यायचं नाही. पण रेघा बघून ती म्हणाली, "हे तर खानदान काढलंया. वर आज्जा, खाली पोरं, त्यांची पोरं."

"अगदी तसंच, अव्वा," प्रज्ञा म्हणाली.

तेव्हापासून निलव्वा शब्दांना घरं द्यायला लागली. प्रज्ञा मुद्दाम एखादा शब्द हलवायची आणि विचारायची, असं म्हणता येईल का? एकदा निलव्वा म्हणाली होती, लेकीनं निलंग्याहून आणलेलं लुगडं म्या पेटीत ठेवलं. प्रज्ञानं त्यातलं 'निलंग्याहून' तेवढं उचललं आणि शेवटाला नेऊन ठेवलं.

"न्हाय!" निलव्वा एवढ्या जोरात म्हणाली की माझ्या हातातला पाना थांबला. "एकटं लेकरू कुठं नेतीस? उचलायचं तर सगळं घर उचल. लेकीनं निलंग्याहून आणलेलं लुगडं, हे एका घरचं हाय. ह्यास्नी एका फाट्याखाली घाल."

प्रज्ञानं ते वाकडं वाक्य लिहून त्याच्यापुढं चांदणी काढली. त्या विद्येत चुकीला चांदणी देतात म्हणे. निलव्वाला त्याची लई मजा वाटली. "लाव चांदणी, लाव," म्हणायची. एकदा चहा गार झाला म्हणून मी ओरडत अंगणात आलो, तर प्रज्ञाला म्हणते कशी, "ह्यास्नी बी एक लाव गं."

मी पत्र्याआडून ऐकायचो. कुणीतरी तिला विचारतंय, हे बरोबर आहे का. ती न्हाय म्हणते आणि एवढी शिकलेली पोरगी खोडून टाकते. तिच्या नुसत्या न्हायला एवढी किंमत माझ्या घरात कधी नव्हती. एक दिवस मी न राहवून म्हणालो, "पोरी, हिचं मराठी मोडकं हाय. चांगलं मराठी पायजे तर गुरुजीकडं जा."

प्रज्ञानं वही माझ्यापुढं धरली. "ह्यात मोडलेलं कुठंय ते दाखवा, काका. एक तरी फाटा तुटलाय का?"

मी एकेका फाट्यावरून बोट फिरवून बघितलं. मला त्यातलं काय कळतंय? पण तुटलेलं काही नव्हतं.

ते मला सहन झालं नाही. त्याच आठवड्यात दोन ट्रकवाले टायर निघायची वाट बघत दुकानात बसले होते. मी मोठ्यानं म्हणालो, "आमच्या बायकोच्या बोलण्यावर पीएचडी चाललीया. उद्या आमच्या म्हशीच्या हंबरण्यावर बी निघंल एखादी." दोघंही पोट धरून हसले. पत्र्यापलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

मंगळवारी प्रज्ञा आली, मोबाईल चालू केला, वही उघडली. "अव्वा, असं म्हणता येईल का?"

"त्यास्नी इच्यार," निलव्वा म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

प्रज्ञानं पत्र्याच्या बाजूनं वाकून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून ट्यूब घासत राहिलो. पोरगी त्यानंतर दोनदा आली, चहा पिऊन गेली. मग यायची थांबली. निलव्वा चुलीपुढंही कमी बोलायला लागली. मला घर शांत झाल्यासारखं वाटलं आणि बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

गेल्या नागपंचमीपासून तिचं जेवण तुटलं. मी तिला उमरग्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "आजी, काय होतंय?" मी म्हणालो, "पोटात जळजळतंय. ठेचा लई खाती ती." त्यानं गोळ्या लिहून दिल्या. आणखी दोनदा नेलं, दोन्ही वेळा मीच बोललो. डॉक्टरही माझ्याकडं बघूनच लिहायचा. जळजळ मला होते. तिला कधी झाली नव्हती. मी माझंच दुखणं सांगत होतो आणि गोळ्या ती खात होती.

दिवाळीनंतर तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "बाबा, तुम्ही गप्प बसा. आजी, तुम्ही सांगा."

निलव्वा माझ्याकडं बघायला लागली. मी चपलेकडं बघत बसलो. मग ती बोलली.

"पाठीत. मधोमध. आत कुणी पाना फिरवल्यागत."

"कधीपासून?"

"पंचमीपासनं."

"आणि पोटात जळजळ?"

"न्हाय."

बाईंनी उमरग्याचे कागद उलटेपालटे केले. "इथं तर तिन्ही वेळा जळजळच लिहिलीय. तेव्हा का नाही सांगितलं पाठीचं?"

"तवा हे बोलत हुते," निलव्वा म्हणाली.

तक्रार करायची म्हणून म्हणाली नाही. बाहेर ऊन पडलंय, असं म्हणावं तसं म्हणाली. ती रागानं म्हणाली असती तर मला आज झोप लागली असती.

कॅन्सर निघाला, लांबवर गेलेला. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, आता ते कशाला. पुढं तीन आठवडे ती होती. त्या तीन आठवड्यांत मी तिला दिवसातून दहादा विचारायचो, "काय पायजे? कुठं दुखतंय? काय वाटतंय?" तिचं एकच, "काय न्हाय." आमच्यात बसवून माती देतात. तिला बसवली तेव्हा डोकं सारखं एका बाजूला कलत होतं. भावकीतल्या एकानं मला विचारलं, मान कुठल्या अंगाला ठिवायची? मला सांगता आलं नाही.

चौथ्या दिवशी प्रज्ञा आली. तिचा जाड प्रबंध झाला होता, तो निलव्वाला दाखवायला घेऊन यायचं तिच्या मनात होतं. पान काढून दाखवलं. लुगड्याचं वाक्य होतं, सगळं घर एका फाट्याखाली. वर निलव्वाचं नाव नव्हतं. 'वक्ता क्रमांक सात' असं होतं. नाव छापत नाहीत, नियम आहे, प्रज्ञा म्हणाली. मग रडत म्हणाली, "काका, ह्यात अव्वांची वाक्यं आहेत, अव्वा नाहीत. त्या कशा होत्या ते तुम्ही लिहा."

म्हणून बसलो लिहायला. निलव्वा कशी होती, तिला कशाचं हसू यायचं, काय दुखायचं, सगळं मीच सांगितलं. तिला विचारून लिहिलेली अशी एक ओळ ह्यात नाही.