मागचा आवाज

नरसिंगकाका गेल्याचं मला सोलापूरच्या आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कळलं. वर 'आज पाणी उशिरा येईल', खाली 'टाक्या भरून घ्या', आणि मध्ये त्यांचा फोटो. पुण्यात ऑफिसमध्ये मी तो पाहिला आणि पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. आता ती फाइल कुणी मागणार नाही... या गोष्टीला दीड महिना झाला. ते वाटणं अजून मला गिळता आलेलं नाही.

काका तळमजल्यावर राहायचे. आयुष्यभर त्यांनी लोकांचे टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त केले. दुकान बंद केलं तेव्हा ते सगळं सामान पुढच्या खोलीत येऊन बसलं. मी जिन्यात कुणी भेटलं की मोबाइलमध्ये बघणारी मुलगी. ते हाक मारायचेच, "काय इंग्लिश मीडियम, आज मराठीत जेवलीस का?" मी हसून वर पळायचे. लक्ष्मीकाकू गेल्या, आणि ही हाक बरेच महिने आली नाही.

मग एकदा सुट्टीत त्यांनी मला बोलावलं. एका जुन्या मालिकेचा डीव्हीडी संच त्यांनी मागवला होता. चित्र लखलखीत होतं, पण सुरुवातीला कीबोर्डवर काहीतरी भलतंच वाजत होतं. मूळ संगीताचे हक्क मिळाले नसतील, मी म्हटलं. "हक्काचं ऱ्हाऊ दे. माझी सनई कुटं हाय?" ते चिडलेच. "हे म्हंजे लग्न आमचं आन् वरात दुसऱ्याची!"

ती मालिका रविवारी सकाळी लागायची, आणि रविवारी सकाळीच लोकांना टीव्ही दुरुस्त करून हवा असायचा. त्यामुळे काका एकही भाग बघू शकले नाहीत. काकू टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून प्रत्येक भाग भरून ठेवायच्या आणि काका दुपारी जेवताना तो ऐकायचे. त्या तेरा कॅसेटी त्यांनी डब्यातून माझ्यासमोर ठेवल्या. त्यातली सनई घेऊन डीव्हीडीच्या चित्राला जोडायची, एवढंच काम. "पट्टी पार झडलीय," ते म्हणाले. "ह्या आता एकदाच बोलणार बघ."

आणि सगळ्या कॅसेटी एकेकदा वाजवून लॅपटॉपमध्ये उतरवून मी निघाले तेव्हा दारातून म्हणाले, "मागचा आवाज तेवढा काढून दे."

मागचा आवाज काकूंचा होता. त्या सनईबरोबर गुणगुणायच्या. मध्येच "एवंडी" म्हणायच्या, म्हणजे तेलुगूत 'अहो', आणि पुढे भरभर काहीतरी बोलायच्या. मला तेलुगू येत नाही. वाटलं, बायको गेल्यावर तो आवाज त्यांना सोसत नसेल. विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे काकूंचा विषय काढायचा, आणि मला ते जमलं नाही. सुट्ट्यांमागून सुट्ट्या मी तो आवाज पुसत बसले. माझे फोल्डर मला नीटनेटके लागतात. जुन्या फाइलींवरच नव्या साठवत गेले. वाजवलेल्या कॅसेटींची तोवर तपकिरी भुकटी झाली होती.

पहिला भाग लावला. सनई आली आणि काका लहान मुलासारखे हसले. मग मान जरा कलती करून थांबले. थांबूनच राहिले.

"आन् ही?"

"कोण?"

"तुझी काकू. काढ म्हटलं होतं की."

"काढला ना, काका."

विहिरीतून पाणी काढतात, गाईचं दूध काढतात, तसं ते म्हणाले होते. वेगळा काढून माझ्या हातात दे. काकू त्यांना चित्र सांगत होत्या, हे मला काकांकडूनच कळलं... आता ती दारात उभी आहे, आता तिने पत्र फाडलं. त्यांना ते चित्र आता बघायचं होतं, काकूंच्या सांगण्याबरोबर. काय झालं ते माझ्या आधी त्यांना कळलं. "सनई लई साफ आली की," ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

त्यांच्या पाठीकडे बघून मी म्हटलं, "मूळ फाइल आहे, काका. पुण्याला आहे. आणते."

त्यांनी कधी आठवण करून दिली नाही. फक्त नवा हेडफोन आणला आणि टीव्हीशेजारच्या खिळ्याला अडकवला, प्लास्टिकसकट. मी येत-जात राहिले, दोन वर्षं. त्याच्यावरचं प्लास्टिक तसंच होतं.

परवा त्यांच्या मुलीचा, वनिताताईचा, हैदराबादहून मेसेज आला. "आईचा आवाज तुझ्याकडे आहे म्हणायचे बाबा. सवडीने पाठव गं." सवडीने, हा त्यांच्या घरातला शब्द आहे; काकाही कुठलंही काम सांगताना हेच म्हणायचे.

काल मी त्या फाइली पुन्हा ऐकल्या. आवाज पुसताना सनईचाही थोडा भाग गेला आहे. मधूनमधून ती पातळ होते, पोकळ होते, आणि पुन्हा भरते. काकू कुठे बोलल्या, कुठे गुणगुणल्या, किती वेळ, हे त्यावरून नेमकं सांगता येतं. काय बोलल्या ते नाही. काकांच्या कानाला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. टीव्ही दुरुस्त करणारा माणूस... मूळ फाइल उरली नाही, हेही कळलं असणार.

ताईला मी लिहिलं, आवाज माझ्याकडे नाही, मी पुसला, आणि बाबांशी खोटं बोलले. सोबत तेरा फाइली पाठवल्या. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. काकांच्या घराची किल्ली सोलापुरात माझ्या आईकडे आहे. पुढच्या वेळी गेले की त्या हेडफोनवरचं प्लास्टिक मी काढणार आहे.