दोन बोटांची ओवी

डावा हात सरकी काढायच्या जिनाच्या रुळात ओढला गेला तेव्हा मी ओरडलेच नाही. शेजारी काम करणारी ओरडली. ती मला मागे ओढायला गेली आणि तिचाही पंजा आत गेला. पट्टा थांबेपर्यंत माझी करंगळी आणि करंगळीशेजारचं बोट गेलं होतं. कापूस लाल झाला होता.

जळगावच्या त्या जिनात मी असोद्याहून कामाला जात असे. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आम्हा दोघींना शहरातल्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. चौथ्या दिवशी सासू आली. पट्टी बघून म्हणाली, "ह्या हातानं जात्यात दाने घालता येतीन का तुले?"

"काय मालूम."

"येतीन तं घरी नेईन. नाही तं तुह्या बापाले निरोप धाडीन."

वाईट बाई नव्हती. आमच्या घरी दळण मोठं. उजव्या हातानं खुंटा ओढायचा, डाव्या मुठीतून दाणे सोडायचे. एका हाताची सून तिला परवडणारी नव्हती.

नवव्या दिवशी शेजारची खाट रिकामी झाली. धनुर्वात.

माझी जखम भरली, पण राहिलेली बोटं वाकेनात. सिस्टर रोज म्हणे, वाकव. दुखायचं, म्हणून मी वाकवत नसे. ती धुळ्याकडची, ख्रिस्ती, माझ्याच वयाची. एका दुपारी ती गिटार घेऊन आली. तिचे वडील प्रार्थनेला वाजवायचे ती. मी असलं वाद्य पाहिलं नव्हतं. भोपळा नाही, कातडं नाही, नुसती पोकळ लाकडी पेटी, तिला कंबर.

तिनं माझी दोन बोटं तारांवर दाबली आणि तारा छेडल्या. आवाज कानात आला नाही, पोटात आला. पेटी पोटाला टेकली होती. मी हात काढून घेतला. माझ्या मोडक्या हाताखालून असं काही निघालं हे खरं वाटेना. मग मीच म्हटलं, "परत एकदा."

"दोनच जागा शेतस," ती म्हणाली. बोटं दोनच ठिकाणी दाबायची होती: एकदा वरून दुसरी आणि तिसरी तार, एकदा तिसरी आणि पाचवी. बोटांची टोकं सोलली, सुजली, मग घट्ट झाली. आठवड्यात बोटं वाकायला लागली.

"आते गानं म्हन," एक दिवस ती म्हणाली.

मला जात्यावरचंच येत होतं, आणि ते तोंडातून निघेना. जात्याशिवाय मी कधी गायलेच नव्हते. तिनं तारांवरून हात वर-खाली करायला सांगितलं होतं. माझा उजवा हात आपला गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा. एका फेऱ्याला एकदा तारांवरून जायचा.

सिस्टर हसली. "ओ बाई, वाजाडी ऱ्हायनी का दळी ऱ्हायनी?"

मी थांबले.

"थांबाडू नको! फिराव."

फिरवला, आणि शब्द आले.

केयीच्या बागात पानी चाले पाटानं,
भाऊ माहा येतो असोद्याच्या वाटानं.

लाकूड माझ्यासोबत गात होतं. जातं नुसतं घरघरतं, हे गात होतं. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या.

दारात सासू उभी होती. आता ही ओरडणार, असं वाटलं, तरी माझा हात थांबला नाही. ती खाटेजवळ खाली बसली. तिचाही उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला. दुसरी ओवी तिनं घेतली. तिला रोज पहाटे ऐकत होते मी, पण तिचा आवाज असा असेल हे मला ठाऊक नव्हतं.

गाणं संपल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. ज्वारी आणली होती, मूठ वळते का बघायला. माझ्या डाव्या तळव्यावर ओतली.

"मूठ कर."

केली. तुटल्या बोटांच्या जागेतून काही दाणे खाली पडले. बाकीचे राहिले.

"आता सोड. थोडे थोडे."

सोडले. थोडे थोडेच पडले. तिनं फरशीवरचे दाणे वेचून परत गाठीत बांधले.

"आवर," म्हणाली. "गाडी उभी हाये."

गिटार पुन्हा कधी हातात धरली नाही. जात्यावर मात्र पुढं कितीतरी वर्षं बसले. त्या रुळात दोघींचे हात गेले होते. मला मागे ओढायला आलेली मेली. मी जगले.